साठ दिवसांची नोटीस

थकलेल्या कर्जाबद्दल आमच्या इचलकरंजीत दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे, हप्ते थांबले की पोलीस येतात आणि तुरुंगात जावं लागतं. दुसरं म्हणजे, सहकारी बँक आपलीच, संचालक ओळखीचे, कोण काय करतंय, वर्षानुवर्षं चालतं. आमच्या घरी नोटीस आली तेव्हा त्याच आठवड्यात दोन्ही मतं सांगणारी माणसं आमच्या सोप्यात बसून गेली. दोन्ही मतं चुकीची आहेत. खरी प्रक्रिया कशी असते ते आम्ही सव्वा वर्ष भोगलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी कर्जाचं सांगते. २०१८ साली आम्ही जुने साधे माग काढून सेकंडहँड रॅपिअर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग, घेतले. एका नागरी सहकारी बँकेनं ३२ लाख दिले. तारण तीन मिळकतींचं होतं: राहतं घर, मागाचं शेड आणि आण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावची शिरोळ तालुक्यातली उसाची जमीन. मागही बँकेकडे नजरगहाण, म्हणजे माग आमच्याच ताब्यात पण तारण बँकेकडे. जामीनदार दोघे: माझे धाकटे दीर आणि यांचे शाळेपासूनचे मित्र. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो.

दोन वर्षं हप्ते नीट गेले. मग २०२० ची टाळेबंदी आली. मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं आणि मुदलात जाऊन बसलं. त्यानंतर सुताचे भाव चढत गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी लाखाच्या वर गेली होती. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं, विणणाऱ्याला निदान सूत स्वतःचं घ्यावं लागत नाही. आम्ही रॅपिअर आल्यापासून स्वतःचं सूत घेऊन विणत होतो, महागात सूत घ्यायचं आणि पडत्या भावात कापड द्यायचं असं चाललं, त्यात एका व्यापाऱ्याकडे मोठं येणं अडकलं. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक होतं, म्हणजे एनपीए. आमचं २०२२ च्या शेवटी झालं.

२०२३ च्या जानेवारीत रजिस्टर टपालानं नोटीस आली. सरफेसी कायदा २००२, कलम १३(२). कोर्टात न जाता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकेला देणारा हा कायदा. एकूण येणं व्याजासह ३८ लाखांच्या वर, साठ दिवसांत भरा, नाहीतर तारण मिळकतींचा ताबा घेऊ. तिन्ही नावांनी तीन पाकिटं: कर्जदार आणि दोन्ही जामीनदार.

गल्लीतल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, टपाल घेऊच नका, परत पाठवा, नोटीस लागूच होत नाही. असा सल्ला देणारे गावोगाव आहेत आणि त्यांनी माणसं बुडवली आहेत, हे मी जबाबदारीनं लिहिते. कर्जदार नोटीस चुकवतो आहे असं दिसलं की बँक ती दारावर चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. साठ दिवसांचं घड्याळ थांबत नाही. पाकीट परत करणाऱ्याला एवढंच मिळतं की आत काय लिहिलंय ते त्याला कळत नाही.

दुसऱ्या एकानं सांगितलं, सरफेसी मोठ्या बँकांसाठी आहे, सहकारी बँकेला लागू नाही. हे मात्र कधीकाळी वादाचं होतं. देशभर यावर भांडणं चालली आणि शेवटी जो खटला घटनापीठापर्यंत गेला तो आमच्याच जिल्ह्यातला, कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो. कोल्हापूरला ज्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत हे सांगून तो विषय संपवला.

त्यांनी नोटीस उलटी वाचली, म्हणजे शेवटचं पान आधी. तिथं मिळकतींचा तपशील असतो. त्यात घर होतं, शेड होतं आणि शिरोळची जमीनही होती. त्यांनी विचारलं, "या जमिनीत आज काय उभं आहे?" मी म्हटलं, "ऊस." "बिगरशेती केलीय का कधी?" "नाही." सरफेसीच्या कलम ३१(आय) प्रमाणे शेतजमिनीवरचं तारण या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. बँकेनं नोटिशीत लिहिली म्हणून ती कक्षेत येत नाही. मात्र नुसता सातबारा पुरत नाही, जमीन खरंच शेतीची आहे हे दाखवावं लागतं. आम्ही पिकाची नोंद असलेला उतारा, साखर कारखान्याची ऊसबिलं आणि शेताचे फोटो जोडले.

कलम १३(३ए) प्रमाणे या नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेनं पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हा टप्पा किती मोलाचा आहे ते लोकांना माहीतच नाही. नोटीस आली की बहुतेक घरांत एकतर रडारड होते किंवा मॅनेजरला भेटून "साहेब, जरा सांभाळून घ्या" एवढं तोंडी बोलणं होतं. तोंडी बोलण्याचा पुढे कुठेही पुरावा राहत नाही. आमच्या मागाच्या कारखान्याच्या वह्या मीच लिहीत असल्यानं खातेउतारा मागवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. विम्याचा एक हप्ता दोनदा नावे टाकलेला होता. एका भरण्याची तारीख पुढची पडली होती, त्यामुळे मधल्या काळाचं दंडव्याज लागलं होतं. रकमा फार मोठ्या नव्हत्या, पण त्या लेखी पकडल्यामुळे हिशेब आम्ही तपासतो आहोत हे बँकेला कळलं.

उत्तर पंधरा दिवसांच्या आत आलं. विम्याचा हप्ता वजा केला. शेतजमीन सरफेसीच्या कारवाईतून वगळली. दंडव्याजावर मात्र नकार. आणि शेवटी एक वाक्य होतं, शेतजमिनीबाबत अन्य कायद्यानुसार कारवाईचा हक्क राखून ठेवला आहे. त्याचा अर्थ वकीलबाईंनी सांगितला तेव्हा आमचा आनंद निम्मा झाला. सहकारी बँकेकडे दुसरी वाट असते: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम १०१. सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला घ्यायचा आणि कलम १५६ खाली वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करायची. त्या वाटेत शेतजमिनीला सरफेसीसारखी सूट नाही. पतसंस्था तर मुख्यत्वे याच वाटेनं जातात. दाखल्याला आव्हान द्यायचं तर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी दाखल्यातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून १०१ ची नोटीस आली की उपनिबंधकांपुढच्या पहिल्या तारखेलाच म्हणणं मांडलं पाहिजे. नंतर ते फार महाग पडतं.

आता गुरुजींबद्दल. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लिहायचं आहे ते याच माणसाबद्दल.

त्यांना नोटीस पोचली त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात उभ्या राहिल्या. घरात येईनात. "भावजी, तुमच्यासाठी सही केली, आता आमच्या घरावर बोर्ड लावणार का?" यांना बोलता येईना. आत बसलेले आण्णा उठून बाहेर आले आणि वहिनींपुढे हात जोडून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस सुनेच्या वयाच्या बाईपुढे हात जोडतो, ते बघणं कठीण होतं. पण वहिनींचा प्रश्न रास्त होता.

जामीन म्हणजे ओळख पटवण्याची सही असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मिळकत विका, तिच्यातून भागलं नाही तर माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. १९६८ सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलेलं आहे. बँकेला ज्याच्याकडून वसुली सोपी, त्याच्याकडे ती आधी जाते. मागवाल्याचं उत्पन्न अनिश्चित, शिक्षकाचा पगार दर महिन्याला नक्की. सहकार कायद्याचं कलम ४९ असं की पगारातून कपातीचं संमतीपत्र लिहून दिलेलं असेल तर संस्था पगार देणाऱ्या कार्यालयाला पत्र पाठवते आणि त्या कार्यालयाला कपात करून रक्कम भरावी लागते. गुरुजींनी सह्या केल्या त्या गठ्ठ्यात ते संमतीपत्र होतं. पत्र गेलं आणि कपात सुरू झाली. शाळेत सगळ्यांना कळलं. दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर आमच्या कर्जाची ओळ.

आम्ही दोन गोष्टी केल्या, त्या इतरांनी करायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. पहिली, बँकेचा प्रत्येक कागद आला त्याच दिवशी त्याची प्रत गुरुजींना दिली. जामीनदाराला अंधारात ठेवणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. दुसरी, त्यांच्याकडून कापल्या गेलेल्या प्रत्येक रुपयाची आम्ही लेखी कबुली देत गेलो. जामीनदारानं भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याला करार कायद्याचं कलम १४५ देतं, आणि त्यानं पूर्ण कर्ज फेडलं तर कलम १४० प्रमाणे बँकेचे तारणावरचे हक्कही त्याच्याकडे येतात. गुरुजींना हे कुणीच सांगितलं नव्हतं. वकीलबाईंनी आमच्यासमोर त्यांना सांगितलं, "गुरुजी, हे लोक चांगले आहेत म्हणून सोडू नका, कागद करून घ्या." आम्हीच मुद्रांक आणला. मैत्रीत कागद कशाला, असं ते म्हणत राहिले. मला उलट वाटतं, त्या कागदामुळेच वहिनी पुन्हा आमच्याकडे चहा घेऊ लागल्या.

याच दरम्यान न्यायालयाचा समन्स आला. पोलीस येतात ही भीती जिथून निघते ती जागा ही. कर्ज न फेडणं हा गुन्हा नाही. पण कर्ज देताना बँका सही केलेले धनादेश घेऊन ठेवतात, तो खात्यात भरला आणि पैशाअभावी परत आला की परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं. धनादेश परतल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत बँकेनं नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत आपण रक्कम भरायची, नाही भरली तर त्यापुढच्या महिन्याभरात फिर्याद दाखल करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परतला तरी पेमेंट अँड सेटलमेंट कायदा २००७ च्या कलम २५ खाली असाच गुन्हा होतो. समन्स आला म्हणजे अटक होत नाही. पण तारखेला गेलं नाही तर वॉरंट निघतं, आणि मग गल्लीला जे दिसतं ते "कर्जासाठी पकडलं" असं असतं. हे प्रत्येक तारखेला हजर राहिले. तडजोड झाली की फिर्याद मिटवता येते, कलम १४७ त्यासाठीच आहे, आणि आमची शेवटी तशीच मिटली.

गुन्ह्याची दुसरी वाट जास्त धोक्याची आहे. त्या दिवसांत एक भंगारवाला रोज शेडवर येत होता. गावातले किती कारखाने त्यानं असे उचलले ते सांगायचा, रात्रीत माग काढून नेतो, रोख देतो. नजरगहाण माग असे विकले की विश्वासघाताची फिर्याद होऊ शकते. शिवाय सरफेसीच्या नोटिशीनंतर कलम १३(१३) प्रमाणे तारण मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा भाड्यानं देता येत नाही, आणि ते मोडलं तर कलम २९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. पैशाची नड असताना समोर रोख रक्कम दिसते तेव्हा नकार देणं किती जड जातं ते मला माहीत आहे. यांनी नकार दिला, याचा मला अभिमान आहे.

साठ दिवस संपले. मे महिन्यात बँकेचे प्राधिकृत अधिकारी दोन माणसं घेऊन आले, पंचनामा केला, घराच्या आणि शेडच्या दारावर ताबा नोटीस चिकटवली, फोटो काढले आणि गेले. हा सांकेतिक ताबा. राहणारे राहतातच, कुलूप लागत नाही. नंतर सात दिवसांच्या आत ही नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. आमची रविवारच्या अंकात आली. मिळकतीच्या चतुःसीमांसकट. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, म्हणजे शेजाऱ्यांची नावंसुद्धा आमच्या थकबाकीत छापली गेली. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

इथून पंचेचाळीस दिवस मोजायला लागायचं. कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, ज्याला सगळे डीआरटी म्हणतात, अर्ज करण्याची ही मुदत. कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते पुण्याला आहे. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागायला जायचं नाही, कलम ३४ नं ती वाट बंद केली आहे. तिथं दावा टाकून बसलेल्या माणसाचे पंचेचाळीस दिवस निघून जातात. पूर्वी डीआरटीत जायला येण्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागे. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला पण ती अट रद्द केली. आज अर्ज करायला फक्त फी लागते. तिथून पुढे अपिलात जायचं असेल तर मात्र निम्मी रक्कम भरायची अट आहे, अपील न्यायाधिकरण ती पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरवू शकतं.

पुण्यातला तो दालनाबाहेरचा व्हरांडा मी विसरणार नाही. जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी किंवा मुंबईचे बिल्डर भेटतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात आमच्यासारखीच माणसं: सोलापूरचा एक चादरीवाला, साताऱ्याच्या एक बाई ज्यांच्या दिवंगत नवऱ्यानं पोल्ट्रीसाठी कर्ज काढलेलं, फ्लॅटचे हप्ते थकलेलं तरुण जोडपं. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यात सगळे मूळ कागद. आमचा अर्ज मुख्यतः दंडव्याजावर आणि दिरांना मागणी नोटीस जुन्या पत्त्यावर गेली यावर होता. न्यायाधिकरणानं सशर्त स्थगिती दिली: सांगितलेली रक्कम दोन हप्त्यांत भरा, तोवर प्रत्यक्ष ताबा नाही. तिथं बहुतेकांना असंच मिळतं. फुकट स्थगितीची आशा धरून जाऊ नये, आणि भरायची सोय आधी करून मगच जावं, कारण ठरल्या दिवशी पैसे भरले नाहीत की स्थगिती आपोआप उठते. आम्ही माझे दागिने मोडून पहिला हप्ता भरला. दुसऱ्याला माझ्या भावानं हात दिला.

बँकेनं तोवर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ चा अर्ज केलेला होताच. प्रत्यक्ष ताब्यासाठी प्रशासनाची मदत मागायचा तो अर्ज. कायद्यात त्यासाठी तीस दिवस, फार तर साठ दिवस दिले आहेत. तिथं कर्जदाराचं म्हणणं ऐकण्याचा टप्पा नसतो, बँकेचं प्रतिज्ञापत्र पूर्ण आहे का एवढं पाहिलं जातं. आदेश झाला की तो तहसीलदारांकडे येतो, मंडल अधिकारी तारीख कळवतात, पोलीस बंदोबस्त मागवला जातो. स्थगितीमुळे आमच्याकडे ती वेळ आली नाही. पलीकडच्या गल्लीत आली होती. भांडी, गाद्या, देवघर सगळं रस्त्यावर, आणि दाराला लाखेचं सील.

त्याच घराची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण तिथं जे घडलं ते टाळता आलं असतं. लिलावाची जाहिरात पेपरात आली. त्या कुटुंबानं मुलीच्या सासरकडून, भावकीतून पैसे गोळा केले आणि लिलावाच्या आठवडाभर आधी पूर्ण रक्कम घेऊन बँकेत गेले. बँकेनं घेतली नाही. जुन्या तरतुदीप्रमाणे विक्री होण्याआधी केव्हाही पैसे भरून मिळकत सोडवता यायची. २०१६ च्या दुरुस्तीनं कलम १३(८) बदललं: आता हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेपर्यंतच. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाफना मोटर्सच्या खटल्यात हे ठामपणे सांगितलं. त्या प्रकरणात तर लिलाव झाल्यावर बँकेनं कर्जदाराकडून पैसे घेऊन मिळकत सोडून दिली होती, आणि न्यायालयानं ती लिलावात घेणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. एवढा मोठा बदल, पण आमच्या भागात अजून लोक "लिलावाच्या दिवसापर्यंत मुदत आहे" असंच धरून चालतात. विक्रीच्या तीस दिवस आधी बँक कर्जदाराला नोटीस देते. ती हातात पडते तेव्हा सोडवण्याची दारं बंद झालेली असू शकतात किंवा बंद व्हायला दिवसच उरलेले असतात.

वकीलबाईंनी तो निकाल आम्हाला मराठीत समजावून सांगितला आणि म्हणाल्या, "आता लढाई बास. घर वाचवायचं असेल तर जाहिरातीच्या आधी शेड विका." हे दोन दिवस बोललेच नाहीत. शेड म्हणजे त्यांचं आयुष्य होतं. पण हिशेब सरळ होता. लिलावात राखीव किंमत बँकेच्या मूल्यांककानं ठरवलेली असते, पहिल्या फेरीत बोली आली नाही तर ती खाली येते. घेणाऱ्याला पंचवीस टक्के लगेच आणि उरलेले साधारण पंधरा दिवसांत भरावे लागतात, एवढी रोकड असलेले मोजकेच, म्हणून भाव दबतो. आणि लिलावातून येणं भागलं नाही तर उरलेली बाकी आपल्या आणि जामीनदारांच्या डोक्यावर राहतेच. म्हणजे गुरुजींच्या पगारावर.

शेजारच्या सायझिंगवाल्यांनी, म्हणजे सुताला खळ लावून देणाऱ्यांनी, शेड आणि माग मिळून रास्त भाव दिला. बँकेला लेखी अर्ज, बँकेची लेखी संमती, आणि साठेखतात स्पष्ट अट की रक्कम थेट कर्जखात्यात जाईल. सोबत एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव. हा प्रस्ताव हक्क म्हणून मागता येत नाही. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एका नागरी सहकारी बँकेच्याच प्रकरणात तसं म्हटलं आहे. बँकेच्या मंजूर योजनेत खातं बसावं लागतं आणि संचालक मंडळानं ठराव करावा लागतो. आमचा ठराव झाला. दंडव्याज गेलं, व्याजात थोडी सूट मिळाली. मुद्दल पूर्ण भरलं. मंजुरीपत्रात पुढचे सगळे मुद्दे लिहून घेतले: कोर्टातली फिर्याद मागे घेणं, पगारकपातीचं पत्र रद्द करणं, दोन्ही जामीनदारांना नावानिशी मुक्त करणं, मूळ कागद परत देण्याची तारीख. तोंडी "होऊन जाईल" वर एकही मुद्दा ठेवला नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये खातं बंद झालं. पुढची कामं किचकट पण करण्यासारखीच होती. गहाणखत नोंदलेलं असल्यानं मुक्तीचा दस्तही नोंदवावा लागला. घराच्या मिळकत पत्रिकेवरचा आणि शिरोळच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत असलेला बोजा कमी करायला दोन वेगळे अर्ज. मूळ खरेदीखत मिळायला बँकेनं वेळ लावला. गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांत तीस दिवसांत कागद परत दिले नाहीत तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायचा नियम रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. आमचं कर्ज व्यवसायाचं, त्यामुळे तो आमच्या कामाचा नव्हता. मंजुरीपत्रातली तारीख कामी आली.

हे आता दुसऱ्यांच्या कारखान्यात मास्तर म्हणून जातात. घर आहे. ऊस उभा आहे. गुरुजींची कापलेली रक्कम आम्ही सर्वांत आधी बाजूला काढली होती, ती त्यांना पोचली.

एकच काम राहिलं आहे. क्रेडिट रिपोर्टमध्ये आमच्या नावापुढे "सेटल्ड" आहे, "क्लोज्ड" नाही. सूट घेतली म्हणून ते बरोबर आहे, काही वर्षं ते सोसावं लागेल. पण गुरुजींच्या रिपोर्टमध्ये अजून खातं थकीत दिसतं, आणि त्यांच्या मुलीच्या शिक्षणकर्जाचा अर्ज तेवढ्यावर अडला आहे. चूक बँकेच्या माहितीत आहे. दुरुस्तीची तक्रार बँकेकडे आणि क्रेडिट कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी दिली आहे. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला शंभर रुपये द्यावे लागतात आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं. मुदत पुढच्या आठवड्यात संपते. लोकपालांकडच्या तक्रारीचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, गुरुजींची सही घ्यायची बाकी आहे.